विहिरीतलं घुबड

दीपमालाला फोटोचा नाद लागला तो चाळिशी उलटल्यावर. अंबाजोगाईच्या एका कॉलेजात ती प्रयोगशाळा सहायक. अठरा वर्षं परीक्षानळ्या धुण्यात गेली. मग एका संध्याकाळी खिडकीबाहेरच्या लिंबावरून पिंगळ्यानं, एका छोट्या घुबडानं, मान वळवून तिच्याकडं पाहिलं, आणि महिन्याभरात तिनं जुना कॅमेरा घेतला. ही पाखरं अंधाराची, म्हणून पाठोपाठ फ्लॅशही आला.

युसूफ वडगावला तिची आत्या सिंधुबाई शेतातच राहायची. तिथल्या पडक्या विहिरीच्या कपारीत पांढऱ्या तोंडाच्या गव्हाणी घुबडानं चार पिल्लं काढली होती. शेजारचा धोंडीराम अपशकुन म्हणून कपार बुजवायला आला, तर आत्यानं त्याला पिटाळलं. "माझ्या हरभऱ्यातले उंदीर तू खाणार हाईस का?"

त्या शनिवारी दिवस मावळताच दीपमालानं विहिरीच्या काठावर कॅमेऱ्याचं तिकाटणं मांडलं, फ्लॅश पूर्ण ताकदीवर ठेवला. अंधार पडला. कपारीतून पिल्लांची फिसफिस सुरू झाली आणि पांढरी मादी चोचीत उंदीर धरून आत उतरली. दीपमालानं बटण दाबलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

तिसऱ्या झगझगाटात पाखरू गडबडलं. पंख दगडावर आपटल्याचा आवाज आला, आणि खाली पाण्यात काहीतरी पडलं.

"काय पडलं गं?" आत्या पुढं सरली.

दीपमाला काठावरून वाकली. उंदीर की घुबड? पाणी कमरेएवढं होतं, भिजलेलं घुबड किती वेळ तग धरणार?

"अगं, लाव की बॅटरी!"

"नको आत्या. डोळे दिपूनच तर आपटलं ते. वर यायला बघत असलं तर पुन्हा आपटंल."

"आन् बुडत असलं तर?"

शेवटी तिनं बॅटरीवर ओढणीच्या चार घड्या गुंडाळल्या आणि तो मिणमिणता उजेड काठाकाठानं खाली सोडला. पाण्यावर उंदीर तरंगत होता. घुबड मात्र दिसेना. मग आत्याचं बोट पुढं आलं. विहिरीच्या भिंतीतून निघालेल्या पिंपळाच्या मुळीला ते लटकून बसलं होतं, एक पंख सैल, डोळे मिटलेले.

दीपमालानं बॅटरी विझवली. "मागं चल आत्या. लांब."

दोघी बांधावर जाऊन बसल्या. पिल्लांची फिसफिस वाढली, मग कमी होत होत थांबली. ती थांबली तशी दीपमाला अर्धी उठली आणि पुन्हा खाली बसली. एक पंख मोडला असला तर एकट्या नराच्यानं चार तोंडं भरतील का? उद्या कुणाला फोन करायचा? आणि काय सांगायचं, फोटोसाठी हे केलं म्हणून?

"कावून येवढे फोटो घेतलेस?" आत्यानं हळूच विचारलं. "येक बास झाला आस्ता."

"पहिल्यात डोळे नीट आले नसतील असं वाटलं," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला ऐकवेना.

दीडेक तासानं विहिरीच्या तोंडातून काहीतरी पांढरं वर आलं. थोडं तिरकं, खालून खालून उडत ते हरभऱ्यावरून गेलं. आत्यानं तिचा हात गच्च धरला. पुन्हा फिसफिस ऐकू येईतो दोघी बांधावरून हलल्या नाहीत.

नंतरचे तीन आठवडे ती रोज सकाळी आत्याला फोन करायची. अखेर एके दिवशी आत्या म्हणाली, "चारी बी काठावर येऊन बसलीत. लई गोंधळ घालतेत."

तिसरा फोटो लख्ख आला होता. फोटोंच्या एका प्रदर्शनासाठी तोच मागितला गेला; तिनं दिला नाही. आता ती दिवस मावळताना उरलेल्या उजेडातच फोटो काढते. बहुतेक धूसर येतात. आणि घुबड जरासं तिरकं उडालं, की कॅमेरा खाली ठेवून ते दिसेनासं होईपर्यंत पाहत राहते.