रशीदभाईंचं कुलूप

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही, देवाला तर नाहीच — त्याला माहीत असेल तर असो. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचं-माझं काही नातं नाही. वाचून ‘बिचारा’ वगैरे म्हणायचा विचार असेल, तर इथेच थांबा.

मी नारायण पेठेतला. निवृत्त. लोक मला सज्जन समजतात — लोकांना दुसरं कामच काय? अधूनमधून कारखान्यांत जाऊन मी सुरक्षिततेवर व्याख्यानं देतो. मशीन दुरुस्तीला घेतलं की मेन स्विच बंद करा, त्याला आपलं कुलूप लावा, किल्ली आपल्याजवळ ठेवा, काम संपवून बाहेर आलात की कुलूप स्वतःच्या हाताने काढा. एवढंच शास्त्र. त्याबद्दल शाल, नारळ आणि बेचव चहा मिळतो. आणि प्रत्येक व्याख्यानात मी एक खरी घडलेली गोष्ट सांगतो — कुलूप लावायला विसरलेल्या एका फिटरची.

विसरलेल्या. थांबा, येतो तिथे.

मार्केट यार्डाच्या मागे आमचा मसाल्याचा कारखाना होता. मी शिफ्ट सुपरवायझर, रशीद तांबोळी फिटर. माझ्याहून वयाने मोठे, तीन पिढ्या पुण्यात, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. कुलपांचा नियम नवा आला तेव्हा सगळ्यांनी टिंगल केली. रशीदभाईंनी तो मनावर घेतला. कुलपाला स्वतःच्या नावाची लाल पट्टी, किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात. एकदा माल अडला होता, म्हणून मी म्हटलं, दोन मिनिटांसाठी काढा ते. सगळ्या कामगारांदेखत ते म्हणाले, “साहेब, कुलूप माझं आहे. मी बाहेर आलो की निघेल.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो.

त्या दिवसापासून तो माणूस मला डोळ्यांसमोर नको झाला. एवढ्याशा गोष्टीवरून? हो, एवढ्याशाच. शुक्रवारी दुपारी ते नमाजाला जात, तासाभरात परत येत, संध्याकाळी थांबून तेवढा वेळ भरून काढत. त्यात खोट काढायला जागा नव्हती, तरी मी काढली. “तुमच्या नमाजापायी आमचं मशीन उपाशी राहतं, रशीदभाई.” चारजण हसले. मला फार बरं वाटलं.

पुढच्याच शुक्रवारी हळदीच्या मिक्सरची पाती बदलायची होती. माल न्यायला ट्रक येऊन उभा. जेवणाच्या सुट्टीत मी बोर्डापाशी आलो, तर मेन स्विचवर रशीदभाईंचं कुलूप. आसपास कुणी नाही. मी ठरवूनच टाकलं — पाती बसवून गेला नमाजाला, आणि मला खिजवायला कुलूप ठेवून गेला. मिक्सर भिंतीपलीकडे होता. जाऊन पाहिलं का? वीस पावलं होती — नाही पाहिलं. हाक? तीही नाही मारली.

आता ते सांगतो. त्या कुलपाची दुसरी किल्ली माझ्याकडे होती. सगळ्यांच्या दुसऱ्या किल्ल्या मॅनेजरच्या कपाटात ठेवायचं काम माझंच. बाकीच्या ठेवल्या, त्यांची ठेवली नाही. कशासाठी? मला पक्कं माहीत होतं कशासाठी. मी कुलूप काढलं, पट्टीसकट खिशात टाकलं आणि मिक्सर चालू केला. नमाजाहून परत आल्यावर चालू मशीन बघून त्यांचा चेहरा कसा पडतो, ते मला पाहायचं होतं.

ते गेलेच नव्हते. माझा टोमणा मनाला लावून घेऊन त्या शुक्रवारी ते थांबले होते, आणि मिक्सरमध्ये हात घालून पात्यांचे बोल्ट आवळत होते.

उजवा हात कोपरापासून गेला.

लोकांनी त्यांना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. मी मागे राहिलो. कुलूप आणि पट्टी त्यांच्या हत्यारांच्या पेटीत ठेवली — घाबरून नव्हे, अगदी शांतपणे, झाकण नीट लावून. चौकशी झाली. मशीन मी चालू केलं, हे मी स्वतःहून सांगितलं. स्विचला कुलूप नव्हतं, हेही सांगितलं. कुलूप पेटीत, किल्ली गळ्यात, मग कोण कुणावर विश्वास ठेवणार? “मी लावलं होतं,” ते म्हणत राहिले. निष्काळजीपणा, असा शेरा पडला. त्यांच्यावर.

महिन्याभराने घरी भेटायला गेलो — न जाणं बरं दिसलं नसतं. रशीदभाई म्हणाले, “साहेब, रोज आठवून पाहतो. नसेलच लावलं मी. तुम्हाला उगाच चौकशीला बसावं लागलं, माफ करा.” अजूनही एक खरं वाक्य बोलता आलं असतं. मी बोललो काय? “होतं असं, रशीदभाई. चालायचंच.” वर त्यांच्या घरचा चहा प्यायलो.

गेल्या महिन्यात मांजरी गावाजवळच्या एका कारखान्यात व्याख्यान होतं. सकाळच्या बॅचनंतर तिथला मेंटेनन्सचा प्रमुख जवळ आला. केस पांढरे व्हायला लागलेला माणूस. म्हणाला, “सर, तो फिटर म्हणजे माझे अब्बा. घरी तेही हीच गोष्ट सांगायचे. मी विसरलो, तुम्ही विसरू नका म्हणायचे. गेल्या वर्षी गेले.” त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि आभार मानले. मी म्हटलं, “फार सरळ माणूस.”

दुपारी दुसरी बॅच होती. मी तीच गोष्ट सांगितली. फक्त शेवटी एक वाक्य वाढवलं — त्या फिटरने आपली चूक मरेपर्यंत कबूल केली होती.