होडीवरचा आकडा

धामणगाव बढ्याच्या बाजारात कोणाच्या इलेक्ट्रॉनिक काट्याचे आकडे पुसट झाले, की काटा शाकिरकडे यायचा. काचेवरची उन्हानं जळालेली फिल्म ब्लेडनं सोलायची, नवी चिकटवायची, की आकडे पुन्हा ठळक. त्याच्या हातचा मळच होता तो! पण आज समोर दुकानदाराचा काटा नव्हता. अम्मीचं काम होतं.

त्याचे अब्बा जुन्या गावच्या कब्रस्तानात होते, आणि जुनं गाव धरणाखाली. माणसं उठली, कबरी राहिल्या. दर शब-ए-बरातला, गेलेल्यांसाठी फातिहा पढायच्या दिवशी, मासेमारी करणारा राम त्याच्या अम्मीला, इमामबीला, होडीतून न्यायचा. होडीवर मुंबईच्या भंगारातून आलेलं, पाण्याची खोली दाखवणारं यंत्र होतं. सगळीकडे वीसच्या वर मीटर. कब्रस्तानच्या टेकडीवर आलं की एकदम नऊ. शाकिर आकडा वाचायचा आणि अम्मी हात उचलायची. यंदा मात्र आकडेच दिसेनासे झाले.

"काट्यासारखंच तं हाये," म्हणत शाकिरनं सरावानं ब्लेड घातलं. पोहणाराच बुडतो म्हणतात ना, तसं झालं. काट्याची काच जाड असते, ही पापडासारखी. कोपरा टचकन उडाला आणि काळा डाग बघता बघता काचभर पसरला. अशी काच आता कुठंच मिळत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? आपल्याच हातानं अब्बाचा ठावठिकाणा पुसला, या विचारानं त्याला रडू फुटलं. अम्मीला सांगायची काही हिंमत झाली नाही. यंत्र तसंच नेऊन त्यानं होडीवर बसवलं.

शब-ए-बरातच्या दुपारी ते निघाले. पाणी बरंच मागं सरलेलं. होडीपर्यंत चिखल तुडवावा लागला. राम वल्हवत राहिला, मग हळूच म्हणाला, "शाकिरभाई, पानी तं सगळं सारखंच दिसून राह्यलं. इथं असंन, नाहीतं तिथं."

शाकिरनं त्याला हातानंच थांब म्हटलं.

पुढं पाठमोऱ्या बसलेल्या इमामबीनं पदर डोक्यावर ओढला. "आकडा काय आला, बेटा?"

काळ्या काचेकडे बघत शाकिर म्हणाला, "नऊ, अम्मी."

तिनं पाण्यात बोटं बुडवली. "औंदा तं पानी कमी हाये ना रे. मंग नऊ कसा आला?"

इमामबीनं वळूनही पाहिलं नाही. तिनं दोन्ही हात उचलले. दरसाल मनातल्या मनात पढणारी ती बाई आज मोठ्यानं पढू लागली, साऱ्या धरणाला ऐकू जाईल अशी.