व्यंकण्णाच्या काठ्या आणि नरसूबाईची बिडी

मागाखाली सुताचा भुगा साठतो ना, तसे किस्से साठतात. कुणी मुद्दाम टाकत नाही आणि कुणी झाडतही नाही. मी बँडमध्ये क्लॅरनेट वाजवत म्हातारा झालो. चौथीच्या पुढं शाळेत गेलो नाही, त्यामुळं डोक्यात जागा भरपूर. जेवताना रोज तेच ऐकून नातसून वैतागली. म्हणाली, "आजोबा, लिहून काढा. तेवढाच वेळ घरात शांतता." म्हणून लिहितोय. चुका काढायच्या असतील त्यांनी आपापल्या घरात बसून काढाव्यात.

सगळे किस्से व्यंकण्णाचे. आमच्या बँडचा ड्रमर. असा ड्रमर सोलापुरात झाला नाही आणि डीजे आल्यापासून होणारही नाही. चाळीस वर्षं वाजवलं, हातातून काठी एकदाही पडली नव्हती. अख्खं गाव त्याच्या ठेक्यावर नाचलं. चांगलं वाजवतोस, असं फक्त एका माणसानं म्हटलं नाही. त्याच्या बायकोनं. नरसूबाई बिड्या वळते. नवरा वाजवून थांबला की मान वर न करता विचारते, "झालं का तुमचं?" चाळीस वर्षं एवढंच.

व्यंकण्णा मला एकदा म्हणाला, "दादा, गावाचं ऱ्हाऊ द्या. हिच्या तोंडून एकदा बरं म्हणून निघालं की मी जिंकलो."

मी म्हटलं, "मग हरलास की."

* * *

व्यंकण्णा विणकराच्या घरचा. बापाचा हातमाग. हातमागावर दोन्ही पाय वेगळे चालतात, दोन्ही हात वेगळे, आणि मधून सूत घेऊन धोटा पळतो. बँडात पहिल्यांदा आला तेव्हा आमचे मास्तर ऐटीत म्हणाले, "हा ड्रमसेट. चारी हातपाय वेगळं चालवायला सहा म्हयनं लागत्यात. घाई करू नको."

व्यंकण्णा बसला. इकडंतिकडं बघून म्हणाला, "सगळं हाय. धोटा कुटंय?"

मास्तरांनी डोळे वटारले. त्यानं वाजवायला घेतलं. पाव तासात मास्तरांचे सहा महिने संपले. मग थांबला आणि पोटाशी वाकून ड्रमखाली चाचपायला लागला.

"काय हरवलं रं?" मी विचारलं.

"न्हाय, किती कापड निघालं ते बघतोय."

* * *

रेल्वेतून रिटायर झालेले एक गार्डसाहेब होते, गोव्याकडचे. त्यांच्याकडं जाझच्या तबकड्या. त्यांनीच ह्याला नादी लावलं. मला ते संगीत आजही कळत नाही. ठेका सरळ चालतच नाही, एका पायानं लंगडतो.

व्यंकण्णानं डोळे मिटून ऐकलं. म्हणाला, "साहेब, ह्यो ठेका माझ्या घरी हाय. थोरल्या मागाचा एक नट ढिला झालाय."

दुसऱ्या दिवशी तसाच लंगडत वाजवून दाखवला. गार्डसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. व्यंकण्णा घाबरला. "रडू नका साहेब, आज नट आवळतो."

* * *

त्या जाझात कधीकधी काठ्यांऐवजी तारेचे ब्रश लागतात. मारायचं नाही, घासायचं. तेव्हा असले ब्रश सोलापुरात कुठं? व्यंकण्णानं घरातले सुताला खळ लावायचे दोन कुंचे उचलले. एका लग्नात संथ गाणं आलं तसे बाहेर काढले. सर्र, सर्र. लई गोड. आम्हीसुद्धा वाजवायचं सोडून ऐकत बसलो.

नवरीचा बाप तावातावानं आला. "झाडायला माणूस आमी सांगितलाय. तुमचा वाजवणारा कुटंय?"

* * *

केम गावाला एक वरात होती. ड्रमसेट हातगाडीवर, मागं घोडी, घोडीवर नवरदेव. घोडी व्यंकण्णाच्या ठेक्यावर अशी चालायची की घोडीवाला नुसता नावाला. अर्ध्या वाटेत हातगाडी गटारात गेली. सेट गेला, व्यंकण्णाही गेला. वर दोन हात दिसत होते आणि हातात दोन काठ्या. काठ्या सोडल्या नाहीत पठ्ठ्यानं.

त्याला काढला, धुतला आणि पंगतीत बसवला. इकडं घोडी जागची हलेना. नवरदेवाचा मामा ओढतोय, घोडीवाला शिव्या देतोय, भटजी घड्याळ दाखवतोय. तेवढ्यात पंगतीत आमटी यायला उशीर झाला म्हणून व्यंकण्णानं ताटावर काठ्यांनी ठेका धरला.

घोडी निघाली. मांडव डावीकडं, पंगत उजवीकडं. नवरदेवासकट थेट पंगतीत आली आणि व्यंकण्णाच्या ताटासमोर उभी राहिली. आचारी अनुभवी माणूस. घाबरला नाही. वर बघून म्हणाला, "नवरदेव, बसणार का पार्सल देऊ?"

* * *

घरी रियाज चालायचा तेव्हा नरसूबाई उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बसायची. पानात तंबाखू, वळली, दोरा बांधला, झाली. तिचे हात कधी थांबत नाहीत. लेकीच्या साखरपुड्यात पाहुण्यांशी बोलताना वळत होती. दाढ काढायला गेली तर डॉक्टरच्या खुर्चीत रिकामी बोटं वळत होती.

गल्लीतल्या बायांच्या लक्षात आलं की ठेक्यावर हात भरभर चालतो. सगळ्या सुपं घेऊन दारात. मग फर्माइशी सुरू. तरण्या म्हणायच्या, "अण्णा, जलद घ्या." म्हाताऱ्या म्हणायच्या, "जलद नको, बोटं दुखत्यात." एक दिवस भांडण जुंपलं.

व्यंकण्णानं उजव्या हातानं जलद धरलं, डाव्यानं संथ. "तरण्यांनी उजवा ऐका, म्हाताऱ्यांनी डावा." तासभर वाजवलं. हे आणखी कुणाला जमत असेल तर त्याचा पत्ता मला द्या. भांडण मिटलं. फक्त यल्लूबाई, वय सत्तर, पदर खोचून उजव्या बाजूला जाऊन बसली.

घामाघूम होऊन त्यानं बायकोकडं बघितलं.

"झालं का तुमचं?"

"तू कुटला हात ऐकत हुतीस?"

"कुटलाच न्हाय. मी माझ्या हातानं वळती."

त्या दिवशी व्यंकण्णा जेवला नाही.

* * *

गेल्या वर्षी पुण्याची जाझवाली पोरं आली. मोबाइलवर कुणीतरी व्यंकण्णाचा व्हिडिओ टाकला होता. त्यांनी जुळे सोलापूर भागात हॉल घेतला आणि ह्याला मधोमध बसवलं. व्यंकण्णाची एकच अट. पहिल्या रांगेत बायको पाहिजे.

गल्लीतल्या बायांनी नरसूबाईला रिक्षात कोंबून आणलं. ती सूप घेऊनच आली. दारावरचा पोरगा म्हणाला, "आजी, आत बिडी चालत नाही."

"मी वढत न्हाय," ती म्हणाली आणि आत जाऊन वळायला बसली. माझी खुर्ची तिच्या शेजारी.

पोरांची वाजवावाजवी झाली, मग व्यंकण्णाला एकट्याला सोडलं. त्यानं कुंचे घेतले. सर्र, सर्र. मग काठ्या. मग तो ढिला नट. मग उजवा हात तरण्यांचा आणि डावा म्हाताऱ्यांचा. शेवटी सगळं सोडून नुसता बापाचा माग. दोन पाय, दोन हात. खट खटाक, खट खटाक. बाप गेल्यापासून तो माग बंद आहे. नरसूबाई सून म्हणून आली ती ह्याच आवाजात.

खटाक. थांबला.

टाळ्या सुरू व्हायच्या आतच पहिल्या रांगेतून आवाज आला.

"झालं का तुमचं?"

सगळा हॉल हसला. व्यंकण्णा नाही हसला. मान खाली घालून म्हणाला, "व्हय. झालं."

"मग परत वाजवा."

मी तिच्याकडं वळून बघितलं. मांडीवर सूप, हातात पान उघडं, तंबाखू पदरावर सांडलेली.

"हात थांबलं माझं," ती म्हणाली. "बिडी तशीच ऱ्हायली."

स्टेजवर खट्ट आवाज झाला. काठी घरंगळत पुढं आली आणि माझ्या पायाशी येऊन पडली.