देव वर राहिले

“कौसल्या, वर जा आणि देवघरातले देव घेऊन ये. हात नको लावूस हं. फडक्याने उचल.”

काकू सोसायटीच्या अंगणात उभ्या राहून हे बोलल्या. अनवाणी. नुकतीच इमारत हलली होती आणि अख्खी सोसायटी खाली पळाली होती. जिन्यालगतच्या भिंतीला चीर गेली होती. त्या चिरेकडे बघत बघतच त्या माझ्या आईला वर पाठवत होत्या.

आम्ही मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीत राहायचो. आई काकूंकडे धुणंभांडी करायची. तिचे गुडघे दुखायचे म्हणून मी मॅट्रिक झाल्यावर तिच्या हाताखाली जायला लागले. मुलुंडला भूकंप माहीत नव्हता. तो कोयनेकडे होतो, एवढंच ऐकलेलं. त्या वर्षी शहापूरकडच्या धरणाजवळ जमीन हलायला लागली आणि हादरे आमच्यापर्यंत पोचले. एक हादरा आला की मागून आणखी येतात, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. काकूंनाही.

त्या सकाळी शूरवीर बघायला मिळाले. एकजण रंगीत टीव्ही पोटाशी धरून उतरला. त्याची म्हातारी मागून एकटी, कठडा धरून. वकीलसाहेब अर्ध्या दाढीला साबण लावलेले. कोर्टात गर्जतात म्हणे. इथे लेंग्याची नाडी सावरत होते.

आणि देव वर राहिले. त्याच देवघरात, जिथे उंबऱ्याशी आईचा झाडू थांबायचा. एकदा तिचा पदर आत गेला, तर काकूंनी तिच्यासमोर गोमूत्र शिंपडलं होतं. आम्ही बौद्ध. त्या देवांशी आमचं देणंघेणं नव्हतं. शिंपडणं मात्र आमच्यासाठीच असायचं.

“काका जातील ना,” मी म्हटलं.

काका चष्मा पुसत म्हणाले, “मला ब्लडप्रेशर आहे.”

“तुम्हाला सवय असते गं,” काकू म्हणाल्या. “तुमची घरं तर वाऱ्यानेही हलतात.”

कोणीतरी हसलं.

आई गेली. काम सुटण्याच्या भीतीपुढे भिंत पडण्याची भीती तिला लहान वाटली.

ती जिन्यात दिसेनाशी झाली आणि जमीन पुन्हा हलली. काचा थडथडल्या. आत धप्पकन गिलावा पडला. मी ओरडले, “आये!” त्याच वेळी माझ्या शेजारी काकू किंचाळल्या, “अगं बाई, माझे देव!”

माझे देव. आत माझी आई होती.

ती बाहेर आली. केसांत चुना, हातात फडकं. काकूंनी फक्त फडक्याकडे बघितलं.

“रिकामीच आलीस? जा परत. थांबलाय आता.”

आई वळली. खरंच वळली.

बाप सभांची पत्रकं घरी आणायचा. मी त्यांवरच वाचायला शिकले. अन्याय, शोषण, संघर्ष, सगळे शब्द तोंडपाठ. त्या क्षणी एकही आठवला नाही. मी आईचा दंड धरला आणि म्हणाले, “ती जाणार नाही. देव तुमचे, जिना तुमचा. तुम्ही जा.”

“फार शिकलीस गं! उद्यापासून येऊ नका दोघी.”

“उद्या कशाला? आत्ताच चाललो.”

रस्ताभर आईने मला शिव्या घातल्या. “चूल कशाने पेटवू गं आता, भवाने?”

“आत मेली असतीस, तर कोणी पेटवली असती?”

ती रस्त्याच्या कडेला बसली. पटलं म्हणून नाही. दमली म्हणून.

दुसरं काम मिळेपर्यंत आम्ही अर्धपोटी राहिलो. त्यात गौरव कसला? भूक ती भूक. पण त्या जिन्यावर आम्ही पुन्हा पाय ठेवला नाही.

आमच्या बाया अजून त्या इमारतींत जातात. आता मी त्यांना रविवारी एकत्र बसवते. सांगते, कामाचा पगार घेतो, जिवाचा नाही. जिथे मालकीण पाय ठेवायला घाबरते, तिथे आपणही ठेवायचा नाही. आणि नाही म्हटल्यावर एकीला काढलं, तर त्या इमारतीत दुसरीने जायचं नाही. एकीनेही नाही. घासू देत त्यांना आपापली भांडी.