वाचून राहिले

अमरावतीत मागे राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या पुण्याला पळालेल्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, सदर बाईने गेल्या वर्षी दरमहा एक पुस्तक वाचण्याचा संकल्प केला होता. टाळ्या इतक्यात नकोत. संकल्प फार अवलक्षणी निघाला.

बँकेने माझी पुण्याला बदली केली, तेव्हा माझा थोरला भाऊ अकोल्याहून मला ट्रॅव्हल्सवर बसवून द्यायला आला. लोक निरोपाला चिवडा देतात. यानं विटेएवढी कादंबरी हातात ठेवली. तशीच दुसरी त्याच्या काखेत होती. "दर महिन्याले एक मी सांगीन. दोघंबी तेच वाचू. रविवारी फोन करून इचारीन, किती वाचलं म्हनून. तिकडं नुसती मॉलमधी हिंडू नको वं."

पुण्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, काय चाललंय. मी आपल्या वऱ्हाडीत म्हटलं, "वाचून राहिले." त्या घाबरल्या. "अगं बाई, कशातून?"

रविवारी भाऊला हे सांगितलं, तर तो इतका हसला की खोकला लागला. तो थांबेना. शेवटी वहिनीने फोन घेतला, "पानी पिऊन राहिले ते." त्या दिवसाचं मला हसूच लक्षात राहिलं.

पावसाळ्यात भाऊची पुस्तकं बारीक होऊ लागली. कादंबरी गेली, कथासंग्रह आले, मग कविता. मी खूष. मेट्रोत जाता-येता महिन्याचा कोटा संपायचा.

"दमला का रे?" मी चिडवलं.

"दमंन तुहा बाप," तो म्हणाला, बाप आमचा एकच आहे हे विसरून. पण तेवढं म्हणतानाही मध्ये श्वास घेतला.

दिवाळीनंतर एका रविवारी म्हणाला, "या वेळी शेवट तूच सांगून दे."

शेवट फोडणाऱ्याशी महिनाभर न बोलणारा हा माणूस.

"काहून रे?"

"असाच."

मी सांगितला. तो हूं हूं करत ऐकत राहिला आणि म्हणाला, "बरं झालं. मले समजला." फोन ठेवल्यावर मला ते पुस्तक घरात नकोसं झालं.

डिसेंबरात एका रविवारी फोनच आला नाही. मी लावला, तो वहिनीने उचलला. "ताई, हे आता काही वाचत नाईत वं." पुस्तक की माणूस? मी विचारलं, तोवर ती रडत होती. एकच क्रियापद दोन कामांना जुंपणाऱ्या आपल्या पूर्वजांना मी अकोल्याच्या ट्रॅव्हल्समध्ये सीटवर बसून मेहकरपर्यंत शिव्या दिल्या.

मेहकर सोडलं आणि खिडकीबाहेर फुटलेला कापूस दिसू लागला. एरवी तो दिसला की मी घरी आले असं वाटतं. त्या दिवशी काहीच वाटलं नाही. "किती वाचलं वं?" असं दटावणारा गप्प झाला, तर हे सगळं नुसतं खिडकीतून दिसणारं रान. घर त्या एका प्रश्नात होतं आणि मी ते रविवारी फोनवर भेटतं म्हणून निवांत होते.

अकोल्याच्या दवाखान्यात भाऊ डोळे मिटून पडला होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, अंग त्या कवितांच्या पुस्तकांसारखं. माझ्या पर्समध्ये डिसेंबरचं पुस्तक होतं, शेवट न वाचलेलं. डॉक्टर आले. त्यांच्याशी शुद्ध पुणेरी बोलायचं ठरवून आले होते. तोंडातून निघालं, "डॉक्टरसाहेब, आमचा भाऊ वाचीन ना?"

डॉक्टरांनी नजर फाइलकडे वळवली. पान उलटलं. पुन्हा मागचं पान पाहिलं.

तेवढ्यात भाऊने मास्क बाजूला ओढला.

"चष्मा घरी राह्यला माहा. कसा वाचू?"