भाऊकाकांच्या मानेवरच्या रेषा

भाऊकाका गेल्याचा निरोप घेऊन तोंडवलीहून माणूस आला, तेव्हा मालवणच्या शाळेत मी तिसरीच्या मुलांना शुद्धलेखन घालत होते. तो दारात उभा राहिला, डोक्याचं फडकं काढून हातात धरलं, आणि मला कळलं. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत त्या क्षणी पाणी आलं नाही. मनात आलं ते इतकंच, की आता ती गोष्ट जाणणारी मी एकटीच राहिले. सर्जेकोटला तरीत बसले, पलीकडे उतरून वाळू तुडवत घरी पोचले, काकीच्या गळ्यात पडले, तरी डोळे कोरडेच. रडू आलं ते तिसऱ्या दिवशी, त्यांची छत्री कोपऱ्यात दिसली तेव्हा.

भाऊकाका माझे सख्खे धाकटे काका, तोंडवलीच्या शाळेत मास्तर. माझे वडील, आबा, गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, मास्तरीण केलं. आबांना घशाचं दुखणं झालं होतं. पन्नास-एक्कावन्न साल असेल, बोटीने मुंबईला नेऊन त्यांना किरणांचा शेक दिला. आमच्याकडे त्याला 'लाईट घेणं' म्हणत. त्या वेळच्या यंत्राचा सगळा मार कातडीवर बसायचा. आबा परत आले ते मान भाजून घेऊन. कातडी काळी पडली, मग सोलवटली. उशी सोसायची नाही, म्हणून काका रोज सकाळी केळीचं कोवळं पान कापून आणायचे आणि आबा त्यावर मान टेकून पडायचे. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. पान बदलण्याचं काम माझ्याकडे होतं. त्या पानाला काय चिकटून यायचं ते मी इथे लिहीत नाही... दुखणं शेवटी आबांना घेऊन गेलंच, पण आम्हा दोघांच्या मनात भीती बसली ती दुखण्याची नव्हे, त्या लाईटची.

आणि दहा-अकरा वर्षांनी भाऊकाकांचा आवाज बसला. आधी सगळ्यांनी थट्टाच केली. पोरांवर ओरडून ओरडून मास्तरांचा भोंगा फुटला म्हणे. काकीने ज्येष्ठमध, आलं, मध, सगळं करून पाहिलं. दोन महिने झाले तरी आवाज सुटेना, तेव्हा मालवणच्या डॉक्टरांनी घसा बघितला आणि चिठ्ठी लिहून दिली. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली ती काकांकडे न बघता. आम्ही दोघांनी ते पाहिलं. बंदराजवळ आल्यावर काका म्हणाले, "शालू, आबासारखी मान नको गो माका. तेच्यापरास तसोच जाईन."

पण गेलो. मी शाळेतून रजा काढली, मचव्यातून बोटीवर चढलो, आणि लालबागला काकीच्या भावाकडे उतरलो. इस्पितळातले डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक शस्त्रक्रियेची. तिच्यात स्वरयंत्र काढावं लागणार, म्हणजे मास्तर जगतील पण मुके होतील. दुसरी नव्या यंत्राची, कोबाल्टची. "दुखणं लवकर सापडलंय, आवाज वाचू शकतो," ते म्हणाले. मी आबांचं सांगितलं. दुधाने तोंड पोळलेली माणसं आम्ही, ताक फुंकून पिणारच. त्यावर ते म्हणाले, "ते जुनं यंत्र होतं. ह्याचे किरण कातडी ओलांडून आत जातात, वरून फारसं भाजत नाही. पण म्हणूनच नेम महत्त्वाचा. नेम चुकला तर वरून आपल्याला कळणारसुद्धा नाही." मग त्यांनी काकांच्या मानेवर दोन्ही बाजूंना जांभळ्या शाईने चौकोन आखले आणि बजावलं, की ह्या रेषांना पाणी, साबण, वस्तरा काही लागता कामा नये.

काकांनी बाहेर येऊन आरशात मान बघितली आणि बसक्या आवाजात मला म्हणाले, "भूगोलाच्या मास्तराच्याच मानेर नकाशो काढल्यानी. आता हेच्यात मालवण खंय ता तूच दाखय." मी हसले. पण रोज त्यांना त्या खोलीत एकटं झोपवून सगळे बाहेर यायचे, ते जाडजूड दार लागायचं, आणि मी बाकावर बसून शंभरपर्यंत आकडे मोजायची. जे औषध द्यायला डॉक्टरसुद्धा खोलीत थांबत नाहीत, ते औषध कसलं, असं वाटायचं. दार उघडलं की आधी मी मान बघायची. ती शाबूत असायची.

अर्धा शेक झाल्यावर घशाला विसावा म्हणून तीन आठवडे घरी जायला सांगितलं. रेषा जपा, परत आलात की पुढचा शेक ह्याच रेषांवर, असं पुन्हा बजावलं. आम्ही तोंडवलीला आलो आणि नेमकी माघातली अमावास्या आली. त्या दिवशी आमच्या गावचा देव समुद्रस्नानाला जातो. ढोलताशे, पालखी, लुगडी नेसवलेल्या तरंगाच्या काठ्या, आणि देव पाण्यात शिरला की त्याच्यामागोमाग सगळा गाव. ह्या वर्षी काकाही देवाबरोबर न्हातील, असा नवस काकीने आधीच बोलून ठेवला होता. "मी देवाक बोललंय, ह्या वर्साक हे तुज्यावांगडा न्हातले. आता देवाक काय सांगू, डॉक्टर नको म्हणता? कमरेइतक्या पाण्यात उभे रवान येवा. मानेक पाणी लागूचा कित्याक?"

काका माझ्याकडे बघत होते. मी नको म्हटलं असतं तर ते गेले नसते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण काकीचं तोंड बघून मीच म्हटलं, "जावा भाऊकाका, काकीचा मन रवांदे." ते कमरेइतक्या पाण्यात हात जोडून उभे राहिले. देव पाण्यात शिरला, माणसं पुढे रेटली, आणि मागून आलेली लाट त्यांच्या डोक्यावरून गेली. पाण्यातून वर आले ते दोन्ही हात मानेला लावूनच.

काकी देवाच्या पालखीमागून देवळात गेली. आम्ही दोघं घरी आलो. उजेडात मान बघितली. डावीकडे फिकट काहीतरी होतं, उजवीकडे कोरी कातडी. मी म्हटलं, परत गेल्यावर डॉक्टरांना खरं सांगूया. काका ओसरीवर बसले होते, अंगातून पाणी गळत होतं, आणि ते लहान पोरासारखे कापत होते. म्हणाले, "सांगितला तर पयल्यापासून सुरू करतले. झालेलो शेक फुकट, परत तेवढोच वर. मगे आबासारखी मान झाल्याशिवाय रवात? तूच काढ. तुजो हात सरळ आसा."

शाळेतली जांभळी उमटणारी कॉपिंग पेन्सिल मी जिभेवर ओली केली. डॉक्टरांनी आखताना कानाच्या पाळीखाली चार बोटं धरली होती, ते मला पक्कं आठवत होतं. मीही चार बोटं धरली आणि उजवीकडचा चौकोन काढला, डावीकडचा गिरवला. काढून झाल्यावर लक्षात आलं, की डॉक्टरांची बोटं जाड होती... माझी तर बारीक. पुसून पुन्हा काढायला गेले तर काकांनी हात धरला. "रवांदे. कोणाक सांगू नको. काकीक तर नकोच, तिच्या जीवाक लागात."

मुंबईला यंत्रावर एक वयस्कर गृहस्थ होते. चोराच्या मनात चांदणं, मी त्यांच्या तोंडाकडे बघेचना. त्यांनी काकांची मान वळवून पाहिली आणि म्हणाले, "वा मास्तर, रेषा अगदी नीट जपल्यात हो!" आणि माझ्याच रेषांवर शाईची कुंचली फिरवून त्या ठळक केल्या. बोल, आता बोल, असं मी स्वतःला म्हणत होते. काका छताकडे बघत होते. जाड दार लागलं. त्या दिवशी मला शंभरपर्यंत आकडेही नीट मोजता आले नाहीत.

आवाज सुटला. जूनमध्ये काका शाळेत उभे राहून कविता म्हणू लागले, आणि काकीने देवाला नारळ दिला. गावभर झालं, मास्तर देवावांगडा न्हाले आणि बरे झाले. आम्ही दोघं गप्प. पुढची पाच वर्षं मी दर रविवारी तोंडवलीला जायची ते काकांना भेटायला, असं सगळे समजायचे. खरं तर मी त्यांचा आवाज ऐकायला जायची. ते खाकरले तरी मी हातातलं काम टाकून कान द्यायची. आबांच्या मानेवर शेक कुठे पडला ते उघड दिसत होतं. काकांच्या उन्हाने रापलेल्या मानेवर काहीच दिसत नव्हतं. कधी कधी मला वाटायचं, थोडी भाजली असती तरी बरं झालं असतं, निदान कळलं तरी असतं.

गेल्या पावसाळ्यात आवाज पुन्हा बसला. ह्या खेपेला कोणी थट्टा केली नाही. डॉक्टर तेच, आता केस पिकलेले. म्हणाले, "सगळं नीट होऊनही काहींचं उलटतं." मी धीर करून विचारलं, समजा त्या वेळी रेषा थोड्या सरकल्या असत्या तर? त्यांनी चष्मा काढला. "का विचारता?" मी म्हटलं, सहज. इतकी भित्री बाई मी जन्मात दुसरी पाहिली नाही. शेवटी शेवटी काका पाटीवर लिहून बोलायचे. मार्गशीर्षात भेटले तेव्हा काकी चुलीपाशी होती. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'सांगू नको.' मी वाचल्याचं बघून तळहाताने पुसून टाकलं. ती आमची शेवटची भेट.

त्यांनी सांगितलेलं मी पाळलं नाही, ते लिहिण्यासाठीच हा खटाटोप. काका जाऊन दोन महिने झाले आणि माघी अमावास्या आली. घरात वर्षाच्या आतलं दुःख, म्हणून काकी देवापाशी गेली नाही, लांब वाळूत उभी राहिली. मी तिच्याजवळ. इतक्यात शेजारची सून, यशोदा, पदर खोचून पाण्याकडे निघाली. तिच्या छातीच्या दुखण्यावर मुंबईला लाईट चालू आहे, मधल्या सुट्टीला आली आहे, हे मला माहीत होतं. तिला इथे धाडलं कोणी, ते मात्र काकीच्या तोंडून कळलं. "मीच बोललंय तिका. आमचे न्हाले, पाच वर्सां मिळाली. तिची पोरां ल्हान आसत."

मी धावले. वाळूत पडले, उठले, यशोदाचा दंड धरला आणि ओरडून सगळं सांगितलं. लाट, पुसलेल्या रेषा, पेन्सिल, माझी बोटं, डॉक्टरांपासून लपवलेलं खरं. ढोल वाजत होते, तरी आसपासच्या बायकांनी ऐकलं. काकी माझ्या मागोमाग आली होती, तिनेही ऐकलं. यशोदाने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी मोठी असून. मग पदर जरासा बाजूला करून हळू आवाजात म्हणाली, "शालूताय, आता रेषा काढणत नाय. सुयेन गोंदतत. बघ, ह्ये ठिपके. दर्यात न्हाला तरी जाणत नाय."

तिळाएवढे तीन निळे ठिपके होते. हातावर गोंदतात तसे, पण कुणाच्या नावाचे नव्हेत. मी बघत राहिले. यशोदा पाण्यात गेली, बायका तिच्या मागे गेल्या.

काकी तिथेच वाळूत बसली. मला वाटलं आता ती मला शिव्या देईल, छाती बडवून घेईल, निदान तोंड फिरवील. मी तयार होते. तिने देवाकडे बघितलं, मग माझा हात धरून मला खाली बसवलं.

"तूच काढल्लंस?"

मी मान डोलावली.

"मगे," काकीने विचारलं, आणि तिचा आवाज इतका बारीक झाला, की मला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला, "बरोबर जाग्यार काढल्लंस मां गो?"

देव पाण्यातून बाहेर आला, पालखी देवळाकडे वळली, तरी ती माझ्या तोंडाकडे बघतच होती.