टेम्पोचा बॉक्स, शेठची गाडी

गिअरबॉक्स निवडताना आप्पांनी, माझ्या वडिलांनी, माझं ऐकलं ते एकदाच. त्यात त्यांचा उजवा हात गेला. म्हणजे हात आहे, पण मधली दोन बोटं मिटत नाहीत. बेअरिंगमध्ये किती ढिलाई आहे हे आप्पा मापानं बघत नसत. त्यातून फिरणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, बोटांत धरून हलवत आणि सांगत. कामथडीच्या आमच्या गॅरेजवर भोर-वेल्ह्यातून गाड्या यायच्या त्या या बोटांसाठी.

मी वाचायला शिकले ती मोर्चांच्या पत्रकांवर. धरणात गेलेल्या जमिनी, फार्महाऊसवाल्यांनी घेतलेल्या जमिनी. गठ्ठे गॅरेजच्या फळीवर असत, कारण वाटायला आप्पाच जात. उरलेल्या पत्रकांना आम्ही ग्रीसचे हात पुसायचो. कॉलेजात गेल्यावर पत्रकं मीच लिहू लागले. जगात दोनच बाजू असतात आणि आपली कुठली हे मला पक्कं ठाऊक होतं.

अशात वेल्ह्याकडं धरणाच्या काठाला फार्महाऊस असलेले एक शेठ त्यांची जुनी अमेरिकन गाडी घेऊन आले. आठ सिलिंडरचं इंजिन, चारशे हॉर्सपॉवर, स्टीअरिंग डावीकडं. गिअर मात्र चारच. हायवेला वेग धरला की इंजिन किंचाळायचं. शेठना पाचवा गिअर हवा होता, ओव्हरड्राइव्ह. त्यात इंजिनाचा एक फेरा होईस्तोवर मागचा, चाकांकडं जाणारा दांडा एकाहून जास्त फेरे घेतो, म्हणून त्याच वेगाला इंजिन शांत राहतं.

आप्पांनी चार दिवस गाडीखाली काढले आणि सांगितलं, या ताकदीसाठीच बनवलेला जड बॉक्स बाहेरच्या देशातून मागवावा लागेल. तीन-चार महिने जातील.

"थांबू की," शेठ म्हणाले. "तुम्ही म्हणाल ते."

शेठ असं नीट वागले याचाही मला राग आला. गॅरेजच्या मागं एका टेम्पोचा पाच गिअरचा बॉक्स पडून होता, चांगल्यातला. ज्या बॉक्सवर इथला भात बाजाराला जातो तो यांच्या खेळण्याला चालत नाही?

मी एकटी नव्हते. मार्गासनीचा एक टेम्पोवाला पोती घेऊन जाताना आमच्याकडं चहाला थांबायचा. तो तर हसायलाच लागला.

"आप्पा, आमचा बॉक्स तीन टन भात घिऊन घाट चढतोय. ही बाहुली किती वजनाची?"

"आसंल दीड टन."

"मग? तिला परदेशातनं नवरा आणायचा व्हय?"

"वजन नगं बघू," आप्पा म्हणाले. "इंजिन बघ. दांडा पिळतंय ते इंजिन."

"पिळू दे की. आमचा दांडा काय उसाचा हाय?"

आमच्याकडं गाडीची ताकद पोत्यांत मोजतात. मीही तशीच मोजली. टेम्पोवाला गेल्यावर आप्पा पाना पुसत होते तेव्हा मी म्हणाले, "आप्पा, तुमी फार्महाऊसवाल्यांचं झालाय का?"

त्यांनी पाना फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर टेम्पोचा बॉक्स बाकावर होता आणि आप्पा त्याचा दांडा मोजत होते.

बॉक्स बसायला तीन आठवडे लागले. गाडीच्या तळाचा पत्रा कापावा लागला. चाचणीनंतर बॉक्स एकदा खाली घ्यावाच लागतो, म्हणून त्यावर झाकणाचा पत्रा ठोकला नाही, नुसती रबरी मॅट टाकली. आमच्या गॅरेजची ती नेहमीची पद्धत. चाचणीला आप्पा डावीकडं, स्टीअरिंगवर बसले, मी उजवीकडं. आयुष्यभर डाव्या हातानं गिअर टाकलेला माणूस उजव्या हातानं टाकत होता आणि दर वेळी थोडा चाचपडत होता.

मार्गासनी मागं पडलं. रस्ता मोकळा होता. आप्पांनी पाचवा टाकला आणि इंजिन एकदम शांत झालं. मी त्यांच्याकडं बघून हसले, जिंकल्यासारखी. "बघा," मी म्हणाले. "आता दाबा."

त्यांनी दाबलं. खालून एकच आवाज आला, मोठा. बॉक्सचं कवच फुटलं, दातऱ्याचा, म्हणजे आतल्या दात्यांच्या चाकाचा, तुकडा मॅट फाडून वर आला आणि गिअरच्या लिव्हरवरच्या हातात घुसला. गाडी त्यांनी डाव्या हातानं कडेला घेतली. ऑइल आणि रक्त एकाच पत्र्यावरून वाहत होतं.

दवाखान्यात टेम्पोवाला केळी घेऊन आला. खाटेशेजारी बसला. मग म्हणाला, "भरल्या गाडीला आमी पाचवा टाकतच न्हाई की. पोती उतरवून रिकामं परत येताना टाकतो."

"हे आदी का न्हाई बोललास?" मी म्हणाले.

"इचारलं कुठं कुणी?"

खरंच होतं. तीन टन ओढत होते ते खालचे गिअर. पाचव्याची, सगळ्यात बारीक दातऱ्याची, परीक्षा कुणी घेतलीच नव्हती. आप्पांनी दांडा मोजला तेव्हा त्यांना ते दिसलं असणार. मी विचारलं नाही.

शेठनी बाहेरून बॉक्स मागवला. तो आला तेव्हा आप्पा स्टुलावर बसले आणि मी गाडीखाली गेले. फार्महाऊसवाल्याच्या गाडीखाली, पाठीवर. त्या दिवशी भोरला मोर्चा होता, पत्रक माझंच होतं. मी गेले नाही.

"माझं का ऐकलंत?" मी खालूनच विचारलं. तोंड दिसत नव्हतं म्हणून विचारता आलं.

"तू बोललीस ते लागलं," आप्पा म्हणाले. "आन् मलाबी वाटत व्हतं, आपला बॉक्स टिकावा." मग म्हणाले, "दांडा हलीव. किती ढिला हाय?"

मी दोन बोटांत धरून हलवला. मला काहीच कळलं नाही.

"ठीक हाय," मी म्हणाले.

"ठीक म्हंजी किती?"

मी पुन्हा हलवून बघितला. आप्पा स्टुलावरून उतरून माझ्याशेजारी जमिनीवर आडवे झाले, डावा हात आत घातला, दांडा चाचपला, पुन्हा चाचपला. कपाळावर घाम आला.

"डाव्याला कळंना," ते म्हणाले. "शेठला सांग, पुण्याला ने म्हणावं. आमच्याच्यानं हुयाचं न्हाई."

फोन मीच लावला.